शालनबायचे तीन नारळ

गेस्टहाऊस चालवणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. पाहुणे जातात, पण चपला, चार्जर आणि किस्से मागे ठेवून जातात. चपला-चार्जर मी सीझन संपला की टाकून देतो. किस्से मात्र साठत गेले. हरमलला माझ्या सहा खोल्या, आणि त्या वर्षी त्यातल्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांत उरी आणि युसुफ!

उरी इस्रायली. सक्तीची मिलिटरी संपवून पहिल्यांदा आला आणि मग दरवर्षी येत राहिला. युसुफ पॅलेस्टिनी, आईवडील रामल्लाला, स्वतः पुण्यात फार्मसी शिकायला. चार वर्षांत मराठी इतकी पक्की की आल्याआल्या म्हणाला, "काय म्हणता काका?" खोल्या शेजारी दिल्या मीच. नावं न बघता बुकिंग घेतो, दुसरं काय!

तिसरी शालनबाय, स्वयंपाकघराची मालकीण. मालक मी आहे, हे फक्त बोर्डावर. तिची मुलगी दीपा इस्रायलमध्ये एका नव्वदीच्या आजीला सांभाळते. तिकडची बातमी लागली की शालनबायच्या हातातला डाव थांबतो. बाकी सगळं मी हसण्यावारी नेतो, ते मात्र नेता येत नाही.

*

पहिले तीन दिवस एक व्हरांड्यात आला की दुसरा उठून जायचा. चौथ्या दिवशी शालनबायने दोघांसाठी हुमुस केलं, दोघांच्याही घरचं छोल्यांचं वाटण. कृती दीपाने फोनवर सांगितलेली. पण नारळाशिवाय रांधलं की शालनबायला चुकल्यासारखं होतं. तिने छोल्यांत मूठभर खोबरं वाटलं, आणि वर माशाच्या आमटीतलं तिरफळ!

उरीने घास घेतला. युसुफने घेतला. दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे बघितलं.

"हे हुमुस नाही," उरी म्हणाला.

"अजिबात नाही!" युसुफ म्हणाला.

मोठमोठ्या पुढाऱ्यांना जमलं नाही ते तिरफळाने केलं. दोघांचं एका वाक्यावर एकमत! ताटल्या मात्र दोघांनी पुसून खाल्ल्या.

*

बोलायला लागले म्हणजे भांडायला लागले. एका सकाळी टेबलावर चहा सांडला, तर उरीने त्यात बोट बुडवून नकाशा काढला. इथे आमची हद्द. युसुफने बोटाने ती हद्द सरकवली. उरीने परत मागे नेली. आवाज चढले. बाकीचे पाहुणे आपापले कप घेऊन आत गेले.

शालनबाय फडका घेऊन आली आणि एका हाताने अख्खा नकाशा पुसून टाकला.

दोघंही ओरडले. ती म्हणाली, "देश मागीर काढा रे पुतांनो. हंय पाव दवरूचो आसा!" आणि पुसल्या जागी पावाची टोपली ठेवली.

*

त्या दिवशी मलाही चेव आला. खुर्ची ओढून मी दोघांना शांततेवर भाषण दिलं. माती एक, पाणी एक, थोडं याने सोडावं, थोडं त्याने सोडावं. चांगलं रंगलं होतं.

आतून शालनबाय म्हणाली, "आनी भाई, तुमच्या वंयचें कितें जालें?"

आता वंय म्हणजे कुंपण. माझ्या आणि चुलतभावाच्या घरामधलं. त्यापायी आमची केस पेडण्याच्या कोर्टात चालू आहे. माझा पहिला वकील वारला, दुसरा म्हातारा झाला, आता तिसरा आहे. युसुफने हे सगळं उरीला इंग्रजीत रंगवून सांगितलं.

"जागा किती?" उरीने विचारलं.

"दीड हात."

दोघं उठले, कुंपणाशी गेले आणि हाताने मोजून आले. खरंच दीड हात.

उरी म्हणाला, "पण तुमचा देव एक, भाषा एक, आडनाव एक. तरी भांडण?"

"म्हणूनच तर!" मी म्हणालो. तेव्हापासून मी भाषण बंद केलं.

*

आमच्या शेजारी लग्न होतं. वरात आली आणि भर दुपारी कोणीतरी दारात गर्नाल उडवलं. हा आमच्याकडचा लोखंडी नळीत ठासलेल्या दारूचा बार, छपराची कौलं हलतात.

धूर ओसरला तेव्हा दोघं नाश्त्याच्या टेबलाखाली होते. एकाच टेबलाखाली, गुडघ्याला गुडघा लावून. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. शालनबाय हसली नाही. तिने दोन कप खाली जमिनीवर ठेवले आणि स्वतःही शेजारी बसली. वऱ्हाडी पुढे जाईपर्यंत तिघांनी चहा तिथेच घेतला.

*

आणि मग तिकडे पुन्हा भडका उडाला. विमानं बंद. युसुफच्या आईचा फोन लागेना. उरीची बहीण आसऱ्याच्या तळघरात. शालनबायने दीपाला सांगितलं, मिळेल त्या वाटेने ये. दीपा म्हणाली, "आई, आजयेक जिने देंवूक जायना. तिका सोडून हांव कशी येवूं?" आजीला जिने उतरवत नव्हते, तळघर तर दूरच. शालनबाय तिला खूप बोलली. मग फोन ठेवून खूप रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवीत तीन नारळ घेऊन उभी. "चला, देवाक गाऱ्हाणें घालूया. एक दीपाचो, एक उरीचो, एक युसुफाचो."

गाऱ्हाणं म्हणजे गुरवाने देवाला सगळं मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी "व्हय महाराजा!" म्हणायचं. गोलमाल चालत नाही. कोणत्या गावच्या माणसाला सांभाळायचं, ते देवाला नीट कळायला हवं. गावागणिक एक नारळ. आमचा गुरव या बाबतीत फार कडक. तीन नारळ ओळीने मांडून त्याने आधी दीपाचं विचारलं,

"चेडू खंय आसा?"

"हैफाक," शालनबाय म्हणाली.

"हेचो गांव?"

युसुफने उरीला इंग्रजीत विचारलं. "हैफा," उरी म्हणाला.

"आनी तुजो?"

"रामल्ला," युसुफ म्हणाला.

"तो रावपाचो. मूळ गांव खंयचो? आज्याचो?"

युसुफ मराठीतच म्हणाला, "आजोबांचा हैफा. मी कधी बघितला नाही. मला जाता येत नाही."

उरीला त्यातला एकच शब्द कळला. तो युसुफकडे बघत राहिला.

"गांव पळोवंक ना म्हूण कितें जालें?" गुरव म्हणाला. "आमच्यो तीन पिढ्यो पेडण्यात गेल्यो, तरी आमचो गांव नार्वेंच!"

मग त्याने समोरचे दोन नारळ उचलले आणि शालनबायच्या पिशवीत परत टाकले.

"एकाच गांवची माणसां तुमी. एक नारळ पुरो!"