अवसेचा चंद्र, कावेरीच्या मुखाशी

कुंभकोणम स्टेशनात गाडी शिरली तेव्हा डब्यात भाषावार प्रांतांवरून भांडण जुंपलं होतं आणि मी देवगडपासूनच्या धुळीनं आणि गाडीच्या कोळशानं काळी झाले होते. फलाटावर कमळा उभी होती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तिचे पूर्वज मराठी राजांच्या काळात तंजावर मुलखात आले आणि इथलेच झाले. त्यांची घराबाहेरची भाषा तमिळ आणि घरातली मराठी, पण इतकी जुनी की आपण आपल्या खापरपणजोबांशी बोलतो आहोत असं वाटावं.

मेलकावेरी भागातल्या तिच्या घरासमोर तिण्णैवर (ओट्यावर) तिचे वडील बसले होते. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. जन्मभर पितळी भांड्यांचा व्यापार केलेला, विठ्ठलाचा भक्त माणूस.

"ये गे बाळ, बस. काप्पी घे," ते म्हणाले. मी घाईनं पितळी पेला उचलला आणि बोटं भाजून घेतली. अप्पा हसले. "तुझी मराठी नवी अहे, हातही नवेच."

मागीलदारी कमळानं खरं दुखणं सांगितलं. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. शस्त्रक्रिया केली तर दिसेल, असं डॉक्टर सांगत होते, पण अप्पा ऐकत नव्हते. पूर्वी दर महिन्याला तिसऱ्या दिवसाची चंद्रकोर पाहायला ते सगळ्या गल्लीआधी गच्चीवर जात. कोर दिसेनाशी झाली तसं गच्ची सुटली, मग भजनही सुटलं.

"चंद्र गेला, अत्ता माझी पाळी, म्हणतात," कमळा म्हणाली. "तू भूगोल शिकवतेस. तूच कांहीं सांग."

केळीच्या पानावर आंबट सांबार-भात झाला आणि मी अप्पांजवळ जाऊन बसले. म्हटलं, "अप्पा, चंद्र नुसता दिसत नाही, तो ओढतोही. त्याच्या ओढीनं समुद्राचं पाणी चढतं, त्याला आम्ही भरती म्हणतो. अवस-पुनवेला सूर्यही त्याच रेषेत येऊन ओढतो, मग उधाण येतं. परवा अवस आहे. समुद्रात उभे राहा, चंद्र अंगाला लागतो की नाही बघा!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण अप्पांनी मान वर केली. या अवसेला तमिळ लोक पितरांच्या तर्पणासाठी कावेरीच्या मुखाशी जातात. अप्पा बरीच वर्षं गेले नव्हते. "मज ने," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रेल्वेनं निघालो. तिरुनीलक्कुडी स्टेशन मागं पडलं, मग डोळ्यांत मावणार नाही एवढी हिरवी भातशेती. मायूरमला उतरून पुढं खडखडणाऱ्या बसनं कावेरीच्या मुखावरचं पूम्पुहार गाठलं. रात्री छत्रात (धर्मशाळेत) मुक्काम केला. तिथले ढेकूण माझ्यावर विशेष खूश होते.

पहाटे कावेरीत स्नान झालं. मेट्टूर धरणाचं पाणी सुटलेलं असल्यानं नदी भरून वाहत होती. अप्पांनी एका पायरीवर बसून आचमन केलं. "गोड अहे," ते समाधानानं म्हणाले. मग तर्पण करून आम्ही समुद्रावर गेलो.

आणि मी तोंडघशी पडले. आम्ही कोकणातली माणसं भरतीचा अभिमान अशा थाटात मिरवतो की जणू समुद्र आम्हीच भरला. देवगडला उधाणाचं पाणी माडांच्या मुळांशी येतं. इथं मात्र वाळूवर खूण करून मी किती तरी वेळ बसले, आणि पाणी चढलं ते गुडघाभरही नाही. सगळ्या किनाऱ्यांवर भरती सारखी नसते, हे मुलांना शिकवणारी मीच. लाटांत उभे असलेले अप्पा शेवटी म्हणाले, "लाट तर लागते गे. चंद्र लागत नाहीं." कमळानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला रडू येत होतं.

परत नदीवर आलो. अप्पांना तहान लागली होती. पहाटेच्याच पायरीवर बसून त्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि ते थांबले. पुन्हा ओंजळ भरून घेतली.

"उप्पु," ते हळूच म्हणाले, आणि मग मोठ्यानं, "मीठ! कमळे, कावेरी खारी होली! पहाटे गोड होती ती!"

मी चाखून पाहिलं. खारट! समुद्र नदीत चढला होता. पाण्यावरची फुलंसुद्धा उलटी, गावाकडे चालली होती.

"अप्पा, हाच तो," मी म्हटलं. "चंद्र आत्ता वरच आहे, सूर्याच्या अगदी शेजारी. त्याची उजळ बाजू पलीकडं आहे, म्हणून दिसत नाही."

"कोणासही दिसत नाहीं?"

"कोणालाच नाही."

अप्पा मोठ्यानं हसले. "मग अज सारेच माझ्यासारखे!" त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आपला धुरकट डोळ्यांचा चेहरा वर केला. गालांवरून पाणी ओघळत होतं. ही ओढ मी फळ्यावर कितीदा तरी काढली होती, खडूचे दोन गोळे आणि मधे एक बाण. पण चंद्र एवढ्या दुरून एका म्हाताऱ्याच्या ओंजळीतलं पाणी बदलतो, हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं, आणि मला भीती वाटावी इतका आनंद झाला.

घरी परतलो तेव्हा दिवेलागण टळून गेली होती. ती दिव्यांची अवस. कमळानं घासलेले पितळी दिवे पाटावर मांडून लावले. अप्पा त्यांच्यापुढं बसले, पण त्यांचं लक्ष दुसरीकडंच होतं.

"कमळे, उद्यां डॉक्टराकडे जाऊं," ते म्हणाले. "तो अहे तिकडेच अहे. मीच इकडे दार लावून बसलों. कोजागिरीस मज गच्चीवर नेणें तुझें काम." कमळानं तेलाचं भांडं उचललं आणि सगळ्या दिव्यांत आणखी तेल घातलं.

दोन दिवसांनी मी निघाले. अप्पांचे डोळे उघडतील की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. देवगडला उतरले, आणि सामान घरी टाकायच्या आधी खाडीवर गेले. चार पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खारट होतं. आकाश ढगांनी गच्च भरलेलं होतं, तरी मी हात जोडले.