बंद दारांतून आलेली कोडोलीची ओळ

सर्व्हरच्या सगळ्या सेवा मी माझ्या हातानं बंद केल्या, आणि त्या चालू केल्या असं समजून चहा मागवला.

भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देतो, एवढीच माझी श्रद्धा. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसतोच.

दोन हजार एक-दोन सालची गोष्ट. उचगावजवळच्या एका खाजगी डेअरीत मी कॉम्प्युटरचा माणूस होतो. संध्याकाळी गावोगावची संकलन केंद्रं मोडेमवरून आमच्या लिनक्स सर्व्हरला दुधाचे आकडे पाठवायची. प्रिंटर ते छापायचा. ते बघून टँकरचे इनचार्ज सुबराव कुठला टँकर आधी कुठं पाठवायचा ते ठरवायचे. इथं चूक झाली तर दूध नासणार, सरळ हिशेब.

जुन्या सर्व्हरवर सगळ्या सेवा, म्हणजे केंद्रांना आत घेणारी दारंच, एकाच फाइलीत, एकेका ओळीत होत्या. नव्या लिनक्सवर ते काम एक्सआयनेटडी नावाच्या प्रोग्रामकडं गेलं — प्रत्येक सेवेला वेगळी फाइल. दिवसभर बसून मी ओळींच्या फाइली केल्या. नमुन्यात 'डिसेबल = येस' असं लिहिलेलं. येस दिसलं की माणसाला बरंच वाटतं... ती ओळ मी सगळीकडं तशीच उतरवली. डिसेबल म्हणजे बंद ठेव; म्हणजे प्रत्येक दाराला आतून कडी.

चहा आला तेवढ्यात प्रिंटर खरखरला. रोमन अक्षरांत एकच ओळ — कोडोली, कूलर बंद, टँकर आधी इकडं.

"बघा सुबराव, नवी सिस्टिम." मी कॉलर ताठ केली.

"सिस्टिम मागनं बघू, मर्दा," म्हणत त्यांनी कागद फाडला आणि शिरोळला निघालेला टँकर गेटवरच अडवून कोडोलीकडं पिटाळला.

मग केंद्रांचे फोन सुरू झाले. "ओ, तुमचं मशीन आत घीना की." एक ठेवला की दुसरा. मी फाइली उघडून बघितल्या आणि चहा बाजूला सारला — सगळीकडं डिसेबल, येस. बऱ्याच वेळानं एकेक येसचं नो केलं, तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला. आकडे धडाधड यायला लागले. त्यात कोडोलीही आली... तीच ओळ, अक्षरन्‌अक्षर तीच. दुसऱ्यांदा.

टँकर परतला. दूध शाबूत. ड्रायव्हरनं खरवसाचा डबा आणला आणि कोडोलीचं केंद्र चालवणाऱ्या तात्यांचा निरोप — "आमचं मशीन तुमच्याकडनं नकारच दावत हुतं. फोन सारखा एंगेज. शेवटाला एकदाचं गेलं, तर टँकर आधीच दारात हुबा. तुमास्नी कळलं कसं?"

मला काय माहीत? सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आल्यागेल्याच्या वहीत, पहिल्या ओळीची नोंद नव्हती. नंतर मुद्दाम सगळं पुन्हा बंद करून तात्यांना पाठवायला लावलं. नकार. नाना तऱ्हेनं करून बघितलं. नकारच. आज इतकी वर्षं झाली, उत्तर नाही. खरवस मात्र उत्तम होता, वेलदोड्याचा.

तो खात असतानाच मी सुबरावांना घाबऱ्या घाबऱ्या समजावलं होतं — झाडून सगळी दारं बंद होती हो, मग कोडोली आत आली कशी?

त्यांनी डब्यातली शेवटची वडी उचलली.

"उघडाय जमलं न्हाय, ते सोड. बंद तरी नीट करायचं की."