तिसरी पुकार आणि तीस किलोमीटर

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून; तिसरी पुकार असेल त्या रविवारी नवऱ्या मुलाने लवकर अंघोळ करावी, इस्त्रीचा शर्ट घालावा आणि उपासनेच्या अर्धा तास आधी जाऊन शहाण्यासारखं बसावं, ही साधी रीत. दानियल त्या रविवारी पहाटे साडेपाचला अर्ध्या चड्डीत डोंगराकडे धावत निघाला होता. त्याला वेडा म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांचं फारसं चुकत होतं असंही नाही.

दानियल मूळचा नवापूरकडच्या डोंगरांतलाच, पण गेली आठ वर्षं नंदुरबारला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात होता. पोलीस भरतीसाठी धावायला लागला. भरतीत छाती एक सेंटिमीटर कमी भरली. भरती सुटली, धावणं काही सुटलं नाही. आता वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो बेचाळीस किलोमीटरच्या एका डोंगरी शर्यतीची तयारी करत होता, आणि त्याच उन्हाळ्यात लग्नही. दोन्ही आपल्याला जमणार याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ह्या माणसाला शंका फार कमी यायच्या.

मुलगी प्रिस्किला, गुजरातच्या सीमेलगतच्या भवरीपाड्याची. तिथल्याच उपकेंद्रात नर्स. थोरली बहीण लग्न होऊन दूर गेलेली, घरी आई, वडील इसहाक आणि डोंगरउतारावरची सहा एकर जमीन. "मी इथून हलले तर रात्रीबेरात्री बाळंतपण आलं की बायकांनी कुठे जायचं?" असं ती म्हणाली, तेव्हा दानियलने चहाला येतो म्हणावं इतक्या सहज सांगितलं, "मग मी येतो राहायला."

घरजावई होणं त्या भागात नवं नाही. मुलगा नसलेल्या घरी जावई येतो, शेत करतो, त्यात कुणाला लाज वाटत नाही. पण आलेल्या माणसाला गाव आपला म्हणेलच असं नसतं. कुणाला ते दोन वर्षांत मिळतं, कुणाला मरेपर्यंत मिळत नाही. गॅरेजातला त्याचा जोडीदार नवनीत, धानोऱ्याचा, त्याला पाना पुढे करत म्हणायचा, "आरे भो, लोके सासरले घोडावर बसीसन जातस, तू पयत जाई ऱ्हायना!" सासरी पळत निघालेला नवरदेव ऐकून दानियलही हसायचा. थट्टेने त्याचं काही बिघडत नव्हतं.

बिघडवणार होता तो प्रिस्किलाचा मोठा काका, जोसेफ. इसहाकचा सख्खा भाऊ, चर्चच्या मंडळीतला जुना माणूस, बोलायला लागला की पाळकही खाली बघणारे. दोन रविवार पुकार झाली तेव्हा तो गप्प होता, पण बाहेर पारावर त्याने सांगून ठेवलं होतं, "तिसऱ्याला मी उभा राहणार. शहरात राहिलेला पोरगा. ह्या गावची एक वाट त्याला ठाऊक नाही. दोन नाताळ राहील आणि कंटाळून जाईल, मागे जमीन पडीक." दोन वर्षांपूर्वी एका घरचा जावई असाच निघून गेला होता, त्यामुळे लोक माना डोलवत होते. पुकारीला हरकत आली की लग्न थांबतं, पंच बसतात, तारीख पुढे जाते. आणि एकदा पुढे गेलेली तारीख पुढेच जात राहते, हे काही दानियलला कुणी शिकवायला नको होतं.

म्हणून तो त्या पहाटे मोटारसायकल घेऊन आला, इसहाकच्या अंगणात लावली आणि बुटाच्या नाड्या आवळल्या. तीस किलोमीटर तर त्याला त्या आठवड्यात धावायचंच होतं. मग ते नंदुरबारच्या बायपासवर ट्रकांचा धूर खात कशाला, जिथे राहायचं त्या गावाच्या शिवेवरून का नको?

इसहाकने हाताने डोंगर दाखवला. "नाला उजव्या हाताला ठेव. वर दोन मोठे साग लागतील. तिथून आमच्या वरच्या शेताकडे उतर. चुकायचं काही कारण नाही."

"दहाला उपासना," प्रिस्किला म्हणाली. "पुकार साडेदहाला. धावत आलास तरी चालेल, पण ये."

पहिले दहा किलोमीटर सुखाचे गेले. चैत्र लागलेला, हवा अजून गार. झाडलेल्या स्वच्छ जमिनीवर मोहाची फुलं पडलेली आणि प्रत्येक झाडाखाली त्या त्या घरची बाई टोपली घेऊन वेचायला बसलेली. दानियल फुलांवर पाय पडू नये म्हणून झाडांना वळसा घालून जात होता. ते बघून रेवाबाई नावाच्या म्हातारीने त्याला हाक मारून थांबवलं. इथलं बोलणं सगळं मावची बोलीत झालं, मराठीत सांगायची म्हणून सांगतो.

"कुणाकडचा रे तू?"

"इसहाककाकांकडे आलोय."

"अगोबाई, तो घरजावई! अजून लग्न नाही आणि आत्तापासूनच पळतोस?" ती आणि शेजारच्या झाडाखालची बाई पोट धरून हसल्या. मग तिने आपल्या बाटलीतलं पाणी त्याला पाजलं आणि पुढे टेकाडावर पिवळा कुत्रा आहे, त्याला दगड न मारता नुसतं वाकून दाखव, असा सल्ला दिला. सल्ला अगदी खरा निघाला. पिवळा कुत्रा दानियलचं वाकणं बघून कडेला झाला.

धावता धावता तो गाव मनात भरून घेत होता. ह्या चढावर मंगळवारी दहा फेऱ्या मारता येतील. ह्या झऱ्याला एप्रिलमध्येही पाणी आहे, म्हणजे बाटली न्यायला नको. ह्या उतरणीवर मुरूम सुटा आहे, पावसाळ्यात इथे पाय घसरणार. हे घर कौलांचं, इथली म्हातारी हात करते. हे घर बंद, दाराला कुलूप, अंगणात गवत. अशी कुलपं त्याने मोजली नाहीत, पण डोळ्यांत राहिली. माणसं ऊसतोडीला गेलेली, काही सुरतेला गेलेली. सोळा किलोमीटर झाले तेव्हा त्याला मनापासून वाटलं, हे गाव आपलं आहे. अजून कुणी म्हटलं नसलं तरी आहे.

आणि फाजील विश्वास असलेला माणूस जिथे हमखास आपटतो तिथेच तो आपटला. दोन साग लागले. तिथून एकच वाट खाली जात होती, रुंद, मळलेली, पायांना बोलावणारी. दुसरीकडे नुसती करवंदाची जाळी. इसहाकने सांगितलेलं शेत खाली असणारच, म्हणून दानियल त्या वाटेने सुसाट सुटला. चार किलोमीटर. छान पळाला, त्या दिवसातला सगळ्यात वेगवान तुकडा. खाली एक शाळा लागली आणि शाळेच्या भिंतीवरची पाटी त्याला वाचता येईना. अक्षरं ओळखीची, पण डोक्यावरची रेघ गायब. नवरदेव गुजरातेत उतरला होता.

घड्याळात नऊ वाजून गेलेले. त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली आणि मागे फिरला. तेच चार किलोमीटर आता चढाचे, ऊन तापलेलं, पोटऱ्या दगड झालेल्या. घाबरला का? घाबरला. त्या चढावर पहिल्यांदा त्याला जोसेफकाकाचा चेहरा दिसला. पण चढ चढण्याचं एक बरं असतं, रडायला दम उरत नाही. तो लहान पावलं टाकत, हात हलवत, आल्या वाटेने सागांपर्यंत चढला आणि पुढे शिवेचा मोठा वळसा सोडून नाल्याकाठाने सरळ गावाकडे निघाला.

चर्चच्या दाराशी पोचला तेव्हा साडेदहा होऊन गेलेले. आतून जोसेफकाकाचाच आवाज येत होता.

"मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो इथला नाही, इथलं त्याला काही माहीत नाही. आज त्याची तिसरी पुकार, आणि बघा, हजर तरी आहे का?"

दानियलने बूट काढले, घामाने चिंब बनियनवर हात फिरवला, त्याने काही सुधारलं नाही, आणि आत गेला. "हजर आहे, काका. वाट चुकलो म्हणून उशीर झाला."

सगळी मंडळी हसली. जोसेफने दोन्ही हात वर केले. "घ्या! मी दुसरं काय सांगत होतो?"

पाळकांनी हसू दाबत विचारलं, "दानियल, तुला काही बोलायचं आहे?"

"आहे. मी सकाळपासून गावाची शीव धावतोय. झरा बघितला, मोहाची झाडं कुणाची कोणती ते विचारलं, टेकाडावरच्या कुत्र्याशीही ओळख झाली. पण इसहाककाकांनी सांगितलेलं वरचं शेत सापडलं नाही. दोन सागांपासून एकच वाट उतरते आणि ती गुजरातेत जाते. शेताकडे तिथून वाटच नाही."

"नाही कशी?" जोसेफ कडाडला. "आहे!"

"डावीकडून आहे," इसहाक मागून म्हणाला.

"डावीकडून काय? उजवीकडून! खडकाला लागून!"

"दोघंही चुकताय," जोसेफची बायको रिबेका बायकांच्या बाजूने उठून बोलली. "करवंदाच्या जाळीमागून जाते. मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरी घेऊन रोज त्याच वाटेने जायचे."

देवाच्या घरात तिघं भांडत होते आणि मंडळी माना इकडून तिकडे वळवत होती. शेवटी जोसेफने हात आपटला. "ती वाट माझ्या बापाने कुदळीने पाडली. दोन उन्हाळे लागले. तिथे वाट नाही म्हणायची कुणाची छाती नाही!"

"असेल," दानियल शांतपणे म्हणाला. "पण मला दिसली नाही. आता तिथून कोणी जात नाही का?"

जोसेफने दाराबाहेर डोंगराकडे बघितलं. त्याचा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता, हे चर्चमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"कोण जाणार?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. "पोराला चार वर्षं सांगतोय, आलास की एकदा चल, आजाची वाट दाखवतो. त्याला सुट्टी नसते."

"मला उद्या सुट्टी आहे," दानियल म्हणाला.

जोसेफने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. घामाने भिजलेला, गुडघ्यापर्यंत लाल धुळीने माखलेला, अनवाणी उभा असलेला. पाळकांनी पुस्तकातलं पान बोटाने धरून ठेवलं होतं.

"जोसेफभाऊ, हरकतीचं काय करू? पंच बोलावू?"

"कसले पंच?" जोसेफ खाली बसत वैतागून म्हणाला. "वाचा तुम्ही पुढे." मग दानियलकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "उद्या पहाटे पाचला ये. कोयता घेऊन ये, जाळी तोडावी लागेल. आणि पळायचं नाही हां. माझा गुडघा धड नाही."