घाटात नेऊ नका

गाडी बघायला घेणारा सकाळी नऊला येणार होता. मी साडेआठलाच बाहेर पडून गाडी सुरू केली आणि आत बसून राहिले. रात्रभरात तिची मागची डावी बाजू खाली बसलेली असायची. इंजिन सुरू झालं की मागून हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर ऐकू यायची आणि ती बाजू हळूहळू वर उठायची. दहा मिनिटं लागायची, कधी थोडी जास्त. चारही चाकांवर ती सारखी उभी राहिली तेव्हा मी उतरले, पुढची काच पुसली आणि घरी येऊन चहा टाकला.

हे मी मुद्दाम केलं. रोजची सवय म्हणून केलं, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही.

मांडवीला आमचं घर आहे. पंचवीस वर्षं मी माझ्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवते. त्यातली वीसेक वर्षं स्कूटरवर काढली. मग पंचावन्नाव्या वर्षी मनाने घेतलं की आपल्याकडे मोठी गाडी हवी. लहान नवी नाही, मोठीच हवी. उंच, काळी, आतून बदामी कातड्याची, जिचं दार लावलं की बाहेरचा आवाज बंद होतो अशी. नवी मुंबईत एका विक्रेत्याकडे तशी दहा वर्षं जुनी परदेशी गाडी मिळाली. माझ्या भाच्याने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "मावशी, या मॉडेलच्या सस्पेन्शनची हवा जाते आणि इंजिनाचं पाणी गळतं. जगजाहीर आहे. इतकी जुनी घेऊ नकोस." मी म्हटलं, सगळ्या गाड्या थोड्याच सारख्या असतात? आणि घेतली.

आमच्या गल्लीत ती शिरत नसे. तोंडाशी, रस्त्यावर उभी करावी लागायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर. पहिले दोन महिने मला ते आवडलं. मग एके दिवशी सकाळी कुणीतरी दारावरून जाता जाता म्हणालं, "बाई, तुमची गाडी बसली बघा." तेव्हापासून लोक उठायच्या आत जाऊन गाडी उठवून ठेवायची, हा माझा उद्योग सुरू झाला. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, मुळात कमी बोलणारा. तो खिडकीतून बघायचा. एकदाच म्हणाला, "विकून टाक." मी महिनाभर त्याच्याशी नीट बोलले नाही.

मिरजोळ्याच्या बाजूला एक मेकॅनिक आहे, हुशार आणि सरळ माणूस. त्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि मला समोर बसवून सांगितलं. मागचा हवेचा बलून फाटत चाललाय, तो बदलला तर गाडी बसायची थांबेल. पण खरा आजार इंजिनात आहे. पाणी कमी होतंय, आणि ते बाहेर कुठे सांडताना दिसत नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, आणि एकदा उघडलं की काम मोठं निघेल. मी म्हटलं, सध्या काहीतरी तात्पुरतं करा. त्याने रेडिएटरमध्ये गळती थांबवायचं औषध ओतलं आणि म्हणाला, "बाई, गावात फिरवा. पालीपर्यंत जा हवं तर. पण घाटात नेऊ नका. चढावर तापली तर इंजिनच जाईल." बिलाच्या पाठीमागेही त्याने ते लिहून दिलं. मी डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवू लागले आणि दर रविवारी इंजिनाच्या पाण्याची टाकी बघून भरू लागले. असं दीड वर्ष चाललं.

शेवटी विकायचं ठरवलं तेव्हा मी ओळखीत दोघातिघांना सांगितलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. तो माझा जुना विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, गणितात कच्चा पण रोज वही पूर्ण करणारा. पालीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करणाऱ्यांपैकी तो एक. "बाई, तुम्ही गाडी काढताय असं कळलं. मला दाखवाल का?"

तो यायच्या आदल्या दिवशी मी मेकॅनिककडे गेले. इंजिनाचा पिवळा दिवा सारखा लागलेला असायचा, तो घालवून द्यायला सांगितलं. त्याने यंत्र जोडलं, बटणं दाबली. "जाईल आत्ता," तो म्हणाला, "पण चार-सहा दिवसांत परत येणार. घेणाऱ्याला सांगितलंय ना?"

"सांगते," मी म्हटलं.

त्या कामाचे पैसे त्याने घेतले नाहीत. मला तेव्हा ते चांगलंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझा विद्यार्थी आला. आमच्या बाहेरच्या खोलीत, वर्गात बसायचा तसाच, हात गुडघ्यांवर ठेवून बसला. आईच्या मणक्याचं दुखणं आहे, म्हणाला. दीड महिन्याने एकदा तिला कोल्हापूरला डॉक्टरकडे न्यावं लागतं. एसटीत तिला बसवत नाही, आणि दुकानाच्या टेम्पोत तर प्रत्येक खड्डा तिच्या पाठीत जातो. ही गाडी कशी अलगद जाते, हे त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं.

कोल्हापूर म्हणजे आंबा घाट. त्याने कोल्हापूर म्हटलं त्याच क्षणी मला ते कळलं होतं.

"एक चक्कर मारून ये," मी म्हटलं. "भाट्याच्या पुलापर्यंत जा, रस्ता चांगला आहे." रस्ता चांगला होता आणि सपाट होता. वरच्या अंगाला चढ आहे, तिकडे जा असं मी म्हटलं नाही. वीस मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. चहा घेताना त्याने विचारलं, "बाई, काही खोड नाही ना हिच्यात? आईला घेऊन जायचं म्हणून विचारतो."

नवरा बशीत बिस्किटं मांडत होता, त्याचा हात थांबला.

"तशी काही नाही," मी म्हणाले. "जुनी गाडी आहे, सर्व्हिसिंग वेळेवर करत जा."

"तुमच्या हातातली गाडी, मी वेगळं काय बघणार," तो म्हणाला. मी सांगितलेल्या किमतीत त्याने एक रुपयाही कमी करायला लावला नाही. जाताना वाकून नमस्कार केला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तीन आठवड्यांनी, सकाळी साडेआठच्या सुमारास त्याचा फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"बाई, सकाळी सकाळी त्रास देतो. आंबा घाटात आहे. माझ्याकडून गाडीचं काहीतरी झालंय. बॉनेटमधून वाफ येतेय आणि ती बंद पडली. तुमच्याकडे इतकी चांगली चालत होती. मी चढावर एसी चालू ठेवला, त्याने झालं असेल का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि मी काय म्हणाले, तर, "जरा जास्त रेटलीस का?"

"हो बाई. अकराची वेळ होती आईची, म्हणून जोरात घेतली. चुकलंच माझं."

"रेडिएटरचं झाकण उघडू नकोस हं, गरम असेल. गार होऊ दे आधी," मी म्हटलं. त्या फोनवर मी बोललेलं खरं तेवढंच.

फोन ठेवला. नवरा समोरच होता. म्हणाला, "पाणी आपल्याकडेच कमी व्हायचं ना?"

"आता तिथे घाटात सांगून काय होणार आहे?"

तो दोन्ही कप उचलून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

संध्याकाळी मेसेज आला. गाडी टोचन करून कोल्हापूरला नेली, डॉक्टरांची वेळ चुकली, आईला एसटीने परत आणलं. शेवटी लिहिलं होतं, 'तुम्ही काळजी करू नका.' मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

महिना तसाच गेला. एक दिवस क्लास सुटल्यावर पालीहून मुलीला न्यायला आलेले एक गृहस्थ गप्पा मारता मारता म्हणाले, "बाई, तुमची चांगली गाडी आमच्या हार्डवेअरवाल्याने तीन आठवड्यांत खलास केली म्हणे. आमच्याकडे सगळे चेष्टा करतात त्याची. टेम्पो चालवणाऱ्याने मोठ्या गाडीला हात लावू नये." आणि ते हसले. मीही हसले. ते गेल्यावर मी रिकाम्या वर्गात बाकावर बसून राहिले. चेहऱ्यावर ते हसू अजून तसंच आहे असं वाटत होतं, आणि हाताने पुसून टाकावं तसं मी तोंड पुसलं.

रविवारी एसटीने पालीला गेले. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. दुकानाच्या मागे त्याचं घर आहे. पुढे सारवलेल्या अंगणाचं खळं आणि खळ्यात गाडी उभी. मागची डावी बाजू खाली बसलेली, चाकाशी जांभ्या दगडाचा चिरा लावलेला. मला बघून तो धावत आला. खुर्ची आणायला निघाला, मी थांबवलं.

"इंजिनाचं काम झालं बाई कोल्हापूरला," तो म्हणाला. "पण ही मागून बसते बघा, आणली त्या आठवड्यापासूनच. मी खड्ड्यातून आपटली असणार कुठेतरी."

"ती माझ्याकडेही बसायची," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मी पुढे बोलत गेले. मागचा बलून आधीपासूनच फाटत चालला होता. पाणी दीड वर्ष कमी होत होतं. दिवा मी आदल्या दिवशी घालवून घेतला. घाटात नेऊ नका, असं मेकॅनिकने मला लिहून दिलं होतं. तू कोल्हापूर म्हणालास तेव्हा मला ते आठवत होतं.

त्याचा हात बॉनेटवर होता, तो त्याने काढून घेतला. मग म्हणाला, "आई तीन तास कठड्यावर बसली होती, बाई. टेकायला काही नव्हतं. तुम्ही सांगितलं असतंत तर कदाचित मी घेतलीही असती गाडी. पण तिला बसवून घाटात नसती नेली."

आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. तो चढवत नव्हता.

"गाडी परत घेते मी," मी म्हटलं. "सगळे पैसे देते."

"ते बघू," तो म्हणाला. "आधी हे आत येऊन सांगाल का? घरात महिनाभर ऐकतोय मी, की गाडीची वाट लावली म्हणून."

मी आत गेले. त्याची बायको भाकऱ्या थापत होती. उभ्या उभ्याच मी सगळं पुन्हा सांगितलं. बाहेर एकदा बोलून झालं म्हणून आत सोपं गेलं असं नाही. दुसऱ्यांदा तर शब्दांना आडोसाच उरला नव्हता. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "बरं," आणि तव्यावरची भाकरी उलटली. मग नवऱ्याकडे एकदा बघून मान खाली घातली.

पडवीत खाटेवर आई होती. तिने हाक मारली, "कोन आलंय?" मी जवळ जाऊन बसले. कशाला आले ते हळू आवाजात सांगू लागले.

"मला ऐकायला येत नाय गो बाय. मोठ्यानं बोल."

मागच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज काढायची मला पंचवीस वर्षांची सवय. त्या दिवशी तो निघेना. दोनदा घसा खाकरला आणि मग मोठ्याने म्हणाले, "गाडी आधीपासून बिघडलेली होती. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही." कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून दोन माणसं चालली होती, ती थांबून बघू लागली.

म्हातारीने थोडा विचार केला. "म्हंजे ह्याच्या हातून नाय मोडली?"

"नाही."

"मग बरं," ती म्हणाली. "मी म्हनतच होते." आणि मुलाला जवळ बोलावून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. मला कोकम सरबत दिलं गेलं. ते मी प्यायले, कारण नको म्हणायचा अधिकार मला आहे असं वाटलं नाही.

दोन दिवसांनी त्याने कळवलं की गाडी ठेवतोय, जुन्या दुरुस्त्यांचे सगळे कागद तेवढे पाठवा. मी पाठवले, पाठीमागे लिहिलेल्या त्या बिलासकट. कोल्हापूरच्या कामाचा खर्च मी दिला, तो त्याने घेतला. मेकॅनिकलाही मी जाऊन सगळं सांगितलं. तो हातातला पाना पुसत म्हणाला, "दिवा मीच घालवला होता ना." पुढच्याच रविवारी पालीला जाऊन तो नवा बलून बसवून आला, हे मला नंतर कळलं.

माझ्या त्या विद्यार्थ्याची मुलगी यंदा दहावीला आहे. मागच्या महिन्यात एसटी स्टँडवर ती दोघं दिसली. तो तिला सोडायला आला होता. स्टँडजवळच्या दुसऱ्या एका क्लासची पिशवी तिच्या खांद्याला होती. मला बघून त्याने हात जोडले. "बऱ्या आहात ना, बाई?" मी हो म्हटलं. आईबद्दल विचारलं, बरी आहे म्हणाला. मुलीला त्याने 'या माझ्या बाई' असं सांगितलं, आणखी काही सांगितलं नाही. ती वाकायला लागली तेव्हा मी तिचे हात मध्येच धरले. अभ्यास नीट कर म्हटलं, आणि माझी एसटी लागली नव्हती तरी लागल्यासारखी घाईने पलीकडच्या फलाटाकडे गेले.