माझ्या हातानंतर

आबांनी गाडीवर गोमूत्र शिंपडलं तेव्हा मी त्यांच्याच अंगणात, पाण्याच्या टाकीमागे उभा होतो. माझी उजेडाची बॅटरी तिथं राहिली होती, म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आलो होतो. त्यांना वाटलं, मी गेलो.

तांब्यात कडुलिंबाची डहाळी बुडवत होते. बॉनेटवर, टपावर, पुन्हा बॉनेटवर. मग खांद्यावरचा टॉवेल काढला. दिवसभर अंगणातली धूळ खाल्लेला टॉवेल. त्यानं माझं दोन दिवसांचं काम गोल गोल घासलं. दारं राहिली. दमले असतील.

लाज वाटते, तरी सांगतो. मला पहिलं वाईट वाटलं ते गाडीचं. 'आबा, धुळीच्या टॉवेलनं पुसू नका,' हे अगदी ओठांवर आलं होतं. तिथं माझा विटाळ धुतला जात होता, आणि मला रंगाची काळजी. बॅटरी उचलली आणि मागच्या फाटकातून निघालो. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या.

जालन्यात गाड्या धुण्याच्या एका दुकानात मी सात वर्षं होतो. काळी गाडी उन्हात उभी केली की तिच्यावर केसाएवढे बारीक गोल ओरखडे दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. आम्ही त्यांना स्वर्ल म्हणतो. धुळीच्या फडक्यानं पुसलं की ते पडतात. मशीननं झटकन निघतात, पण मशीन रंगही खातं. आबांच्या गाडीचा रंग आधीच कुणीतरी मशीन फिरवून पातळ करून ठेवला होता. म्हणून हातानंच करायचं ठरलं. एका वेळी वीतभर जागा घ्यायची. स्पंजावर वाटाण्याएवढी पॉलिश. किती दाबायचं ते बोटांना कळावं लागतं. पुसायचं, बॅटरीचा उजेड तिरपा मारून बघायचं, जाळं दिसलं की पुन्हा. दुसऱ्या दिवशी हात खांद्यातून वर होत नाही. आख्ख्या दुकानात हे काम मला एकट्याला जमायचं. फुशारकी नाही मारत, होतं ते सांगतो.

आबा घनसावंगीकडचे. ऊस, दोन ट्रॅक्टर आणि ही गाडी. मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता, गाडी चकचकीत हवी होती, म्हणून मालकानं मला दोन दिवस त्यांच्या घरी पाठवलं होतं. माणूस गोड बोलणारा. पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं, मी केदारखेडा सांगितलं. आडनाव विचारलं, तेव्हा स्पंज पिळायला वाकलो आणि ऐकूच आलं नाही असं केलं. ही युक्ती मला शाळेपासून येते. संध्याकाळी अर्धी गाडी लखलखीत झालेली बघून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जादू हाय रे पोरा तुझ्या हातात," म्हणाले. घरातल्या कपात चहा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेव्हण्याचा फोन आला. मी भिंतीकडं तोंड करून हळूच 'जयभीम' म्हणालो. वळलो तर मागं आबा. चार वाजता चहा आला तो कागदी कपात. मी प्यालो. समजलं होतं, तरी प्यालो. काम संपवून निघालो, आणि मग ती बॅटरी आठवली.

साखरपुडा झाला. दुसऱ्याच दिवशी आबा गाडी घेऊन जालन्याला दुकानात आले. बरोबर दोन माणसं. गाडी भर उन्हात लावली आणि मला सगळ्यांसमोर हाक मारली.

"चारचौघांत हसं झालं माझं. व्याही म्हणले, आबा, गाडी काथ्यानं घासता का?" मग आमच्या मालकाकडं वळले. "असल्या लोकाच्या हाती कशाला काम देता? यांच्या बापजाद्यानं कधी केलं का असलं काम?"

मालक वाईट माणूस नव्हता. फक्त गिऱ्हाइकापुढं त्याला कणा राहत नसे. मला म्हणाला, "माफी माग, आन् आत्ताच्या आत्ता हातानं काढून दे. विषय संपव."

मी स्पंज ओला केला. बॉनेटवर वाकलो. होय, वाकलो.

बॉनेटभर जाळं होतं. मध्ये मध्ये थेंबांचे पांढुरके डाग, उन्हात वाळून रंगात उतरलेले. पाण्याच्या थेंबाचा डाग कसा असतो ते मला झोपेतही कळतं. हे पाणी नव्हतं. मी दाराकडं पाहिलं. दार कोरं होतं, जसं मी सोडलं होतं तसं. त्यात मीच दिसत होतो. कमरेत वाकलेला, हातात स्पंज, तोंडात तयार माफी. मला त्या माणसाची शिसारी आली.

मी सरळ उभा राहिलो.

"आबा, चारी दारं बघा. एक ओरखडा न्हाई. मंग बॉनेटवर अन् टपावरच कसे आले?"

"मला काय इचारतो? तुला ठावं."

"मला ठावंच हाय. गोमूत्र शिंपडून तुमी टॉवेलनं पुसलं. मी टाकीमागं उभा व्हतो."

कुणीतरी पाण्याचा पाइप बंद केला. आबा हसले.

"अरे, घरात शुभकार्य व्हतं. आमी ट्रॅक्टरवर बी शिंपडतो. तुला काय एवढं झोंबलं?"

"पहिल्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवला, तव्हा न्हाई शिंपडलं. माझं जयभीम ऐकलं, मंग शिंपडलं. घ्या हा स्पंज. टॉवेल तुमचा, ओरखडे तुमचे. तुमीच काढा. मी न्हाई काढणार."

कुणी स्पंज घेतला नाही. मी तो बॉनेटवर ठेवला. पॉलिशचं पाणी खाली ओघळलं. मालक ओरडला, "उद्यापासून पाय ठिऊ नको इथं!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी ऐकल्या, आणि बाकी सगळ्यांनी त्या मुकाट ऐकून घेतल्या.

बाहेर आलो. शूर वगैरे काही वाटलं नाही. वस्तीतले लोक म्हणाले, तक्रार कर. साक्षीला कोण येणार? दुकानात दहा-बारा जण होते. एकाएकाला विचारलं. त्या दिवशी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "टाकीमागून तव्हाच का न्हाई बोलले तुमी?"

मालकाच्या शिव्या मी पचवल्या. हा प्रश्न पचला नाही. दोन दिवस विचार केला. मी बोललो ते नोकरी जायची वेळ आली तेव्हा, ओरखड्यांचा आळ अंगावर आल्यावर. त्याआधी गोमूत्र मी गिळलं होतं, कागदी कपातल्या चहासारखंच. आबांनी मला नीच मानलं, पण आडनाव लपवून त्यांचं ते मानणं मीच सोपं केलं होतं.

आता मी एकटा काम करतो. मोटारसायकलला बादली आणि पिशवी बांधून घनसावंगी, तीर्थपुरी, जिथून बोलावणं येईल तिथं जातो. बादली खाली ठेवायच्या आधी गाडीवाल्यासमोर उभा राहतो. आडनावासकट पूर्ण नाव सांगतो. बौद्ध हाय, म्हणून सांगतो. मग विचारतो, "माझ्या हातानंतर गाडी शुद्ध करायची असंल तर आत्ताच सांगा."

काही जण कानकोंडे होतात. काही म्हणतात, "छे, आमच्यात असलं काही न्हाई," आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत. तीर्थपुरीत एक जण माझ्याकडं बघत बघत घरात गेला तो बाहेर आलाच नाही. मी दहा मिनिटं थांबलो आणि परत आलो. बायको कापूस वेचायला जाते. घरात ओढाताण आहे, ती लपवत नाही. ओळखीचे म्हणतात, कशाला विचारतो, गुपचूप काम करावं अन् निघावं.

गुपचूप काम मी सात वर्षं केलं. आता विचारणार. प्रत्येक दारात विचारणार, आणि ज्याला उत्तर देता येणार नाही त्याच्या गाडीला माझा हात लागणार नाही. घरी उपास पडला तरी लागणार नाही.