मखमलीची लव

आमची मावशी पडदे शिवते, तेही असेतसे नाहीत. छताला झुंबर आणि पायाखाली गालिचा असलेल्या दिवाणखान्यांचे. घरी आली की जेवताजेवता त्या खोल्यांचं कौतुक सुरू, कुठे सोनेरी कड लावली, कोपऱ्यात दिवा का ठेवला. स्वतःच्या खिडकीला मात्र जुनी चादर. तिथे एकच मखमली पडदा असावा, एवढीच तिची हौस. काका तिला उडवून लावायचे, "राणीसाहेब, खिडकीबाहेर गटार आहे. थाट कुणाला दाखवायचा?" ते तिच्या मनाला फार लागायचं. काकांच्या नाकावर टिच्चून पडदा लावणं तिला सहज जमलं असतं, पण घर दोघांचं होतं.

पुढचा किस्सा मावशीच सांगते, त्यामुळे काकांची बाजू त्यात जरा लंगडी पडते.

एका हॉटेलच्या मोठ्या दालनाचे पडदे तिला मिळाले. गडद हिरवी मखमल. मदतनीस बाई ऐनवेळी आजारी पडली, म्हणून निवृत्त काकांना कामाला जुंपलं. मखमलीची लव एकाच दिशेला वळलेली असते. एखादा तुकडा उलटा लागला, तर एकाच थानातलं कापड दोन रंगांचं दिसतं. म्हणून मावशी प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढते. काकांनी एका तुकड्यावरचा बाण डाग समजून पुसला, वर नीटनेटकी घडीही घातली. घाईत मावशीने तो होता तसा शिवला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पडदे चढले, दिवे लागले आणि मधलाच पडदा फिकट दिसला.

"हे काय?" हॉटेलच्या व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

काकांचं तोंड एवढंसं झालं.

"माझ्याकडून उलटा शिवला गेला," मावशी म्हणाली. "संध्याकाळच्या आत सरळ करते."

गालिच्यावर चादर अंथरून तिने वरच्या चुण्या, खालची दुमड सगळं उसवलं, पडदा फिरवला आणि पुन्हा शिवला. सुईची जुनी भोकं उठून दिसत होती. तिथे काकांनी इस्त्रीची वाफ धरली, मावशी मऊ ब्रशने लव उभी करत गेली. दुपारी पडदा वर गेला तेव्हा सगळी रांग एकसारखी हिरवी होती.

काका मग खुर्चीत बसले. असल्या खोलीत ते जन्मात पहिल्यांदाच आले होते. पडद्यांपासून झुंबरापर्यंत सगळं निरखत ते बराच वेळ बसून राहिले. मावशीला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार.

"काय गं," ते म्हणाले, "आपल्या खिडकीचं माप घ्यावं लागेल ना?"

मावशी सुया गोळा करत होती. तिने मान वर केली नाही, कारण डोळे भरून आले होते.

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घेतलंय," ती म्हणाली.