ताकावरची निवळी

सायखेड्यात मी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली. मुलं आली की आधी रांगेत उभी करायची. "हात पुढं करा. आता उलटे करा." नखात मळ दिसला की नळावर पिटाळायचं आणि मगच पुढ्यात ताटली ठेवायची. माझ्या हातचं खाऊन किती पोरं मोठी झाली ते मी मोजलं नाही, पण त्याचा ताठा मात्र नीट जपून ठेवला. काम सुटल्यावर नाशिकला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले, ती तो ताठा पिशवीत घालूनच.

आणि इथं माझ्याच नातीला माझ्या हातचं काही चालेना. दूध नाही, शेंगदाणा नाही, अंडं नाही, काजू नाही. मी ज्याच्या ज्याच्या जोरावर पोरं धष्टपुष्ट केली, नेमकं तेच नाही. फ्रिजच्या दारावर सुनेनं दोन याद्या चिकटवल्या होत्या, एक 'चालतं' आणि दुसरी 'चालत नाही'. मी आल्या दिवशी वाचल्या आणि हसले.

"आगं, तूप पण नाय? तूप म्हंजे काय दूध हाय का?"

"दुधापासूनच होतं ना आई. तूप नाही, ताक नाही, लोणी नाही. एक थेंबही नाही."

सून बँकेत आहे. मोजकं बोलते, आवाज चढवत नाही, आणि मला तर चढलेला आवाजच समजतो. मला वाटलं, पुस्तकी पोरगी आहे, घाबरट आहे. नात्यातल्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. त्यात माझाच सूर सगळ्यांत वरचा.

नव्हतं कसं? आज लिहिताना एक पोरगी आठवते. अंगणवाडीत शेंगदाण्याचा लाडू दिसला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिची आई दारात येऊन म्हणाली होती, "बाई, तिला बाधतंय ते." मी त्या बाईला पौष्टिक आहारावर अर्धा तास सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी पोरीचं नाक दाबून लाडू भरवला. पुढं ती यायची बंद झाली. मी म्हटलं, आईबापच अडाणी, पोरं काय शिकणार. आमच्या वेळी सगळं होतं. आम्ही फक्त त्याचं नाक दाबत होतो.

तर नात तेव्हा सहा वर्षांची होती. पावसाळाभर तिला खोकला झाला, एकामागून एक अँटिबायोटिक झाली, आणि पोटाची पार वाट लागली. चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही, मग एकदम पातळ. पोट फुगलेलं, तोंड उतरलेलं. दुसऱ्या एखाद्या पोराला सगळ्यांनी सांगितलं असतं, दही-ताक द्या, ठीक होईल. हिला तेच विष. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, अॅलर्जी यानं जाणार नाही, पण पोट धड राहायला हवं. हिचे पदार्थ आधीच कमी आहेत, तेव्हा जे चालतं त्यातलं जितकं वेगवेगळं पोटात जाईल तितकं बरं. धान्यं, डाळी, भाज्या, केळं. आणि आंबवलेलं हवं तर नाचणीची आंबील द्या, नुसत्या पाण्यात आंबवून.

आंबील म्हटल्यावर माझे कान टवकारले. शेवटी गाडी माझ्या दाराशी आली होती. सुनेला म्हटलं, हे काम माझं. ती जरा थांबली, मग म्हणाली, "चालेल आई. फक्त पीठ, पाणी, मीठ. वरून जिरं. बाकी काही नको." मला आठवतं, ती थांबली होती.

दिवाळीपर्यंत छान चाललं. रात्री पीठ कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं. नात दुपारच्या शाळेत जायची. सून आणि मुलगा कामावर गेले की आम्ही दोघीच घरात. ती ओट्याजवळ स्टूल ओढून बसायची आणि पेला दोन्ही हातांनी धरून प्यायची. पोट हळूहळू जाग्यावर आलं. गालांवर रंग आला. आहारतज्ज्ञ बाईंनीही म्हटलं, आजी, तुमच्या आंबिलीला मानलं. मी ते शेजारणीला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, फोन करून सायखेड्याला सांगितलं.

मग थंडी पडली. निफाडकडचा गारठा नाशकात उतरला आणि पीठ आंबेना. पातेलं चादरीत गुंडाळलं, फ्रिजच्या मागं ऊब असते तिथं ठेवलं, तरी सकाळी आपलं गोडसर पीठपाणी. नात एक घोट घ्यायची आणि पेला सरकवायची. "आजी, आंबट नाही झाली." तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मला राग आला. राग थंडीचा नव्हता, सुनेच्या त्या पीठ-पाणी-मिठाचा होता. उभ्या जन्मात ताकाशिवाय आंबील कुणी केली होती? आंबायला काही तरी आंबट नको का?

आणि ताक घरात होतं. मला ताकाशिवाय जेवण जात नाही, म्हणून सुनेनंच माझ्यासाठी झाकणाचा डबा, वेगळा पेला, वेगळा डाव असं सगळं एका कप्प्यात वेगळं करून दिलं होतं. माझी सोय केली होती तिनं. त्या डब्याचं झाकण मी उघडलं. ताक खाली बसलं होतं आणि वर निवळी आली होती, स्वच्छ, पिवळसर पाणी. मी स्वतःलाच म्हटलं, हे थोडंच ताक आहे? दूध तर नाहीच नाही. खालचं न ढवळता, अलगद दोन चमचे निवळी मी रात्री पिठात घातली. अलगद घातली, म्हणजे मनात कुठंतरी ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर ढवळून घातली असती.

सकाळी पीठ फसफसून आलं होतं. नात प्यायली आणि ओठांवर जीभ फिरवत म्हणाली, "आजी, आज एकदम मस्त आंबट झालीये!" मी पदरानं तिचं तोंड पुसलं. तेवढ्यात ओठ सुजायला लागले. मानेवर गांध्या उठल्या, ती दोनदा ओकली, आणि मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सुनेनं शिकवलं होतं तसं मी औषध पाजलं, तिला फोन लावला, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ गाडी घेऊन आले. गाडीत ती माझ्या मांडीवर होती आणि माझा पदर मुठीत धरून बसली होती. मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" सून तेवढ्यात धावत आली होती, माझ्या शेजारी उभी होती.

"रोजचंच," मी म्हटलं. "आंबील."

"त्यात काय काय?"

"नाचणी, पाणी, मीठ."

तीन शब्द खरे सांगितले आणि चौथा गिळला. डॉक्टरांनी दोनदा विचारलं. मी दोनदा गिळला.

घरी आल्यावर मी ते पातेलं घासून पालथं घातलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तपासणी होईपर्यंत नाचणी बंद, आणि तपासणीआधी अंगातला औषधांचा असर उतरू द्यायला हवा. सुनेनं 'चालतं'मधली नाचणी खोडली आणि 'चालत नाही'च्या खाली लिहिली. मी मागं उभं राहून बघत होते. आंबील गेली, भाकरी गेली, डब्यात न्यायची बिस्किटं गेली. आधीच तुटपुंज्या यादीतला एक घास मी माझ्या तोंडानं काढून घेतला.

मी गप्प राहिले. दोन महिने. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू, आणि रोज काही ना काही कारण सापडायचं. खरं कारण एकच होतं. ज्या पोरीला मी घाबरट म्हटलं तिच्यासमोर मला खाली बघायचं नव्हतं.

नातीचं पोट पुन्हा बिघडलं. एके दिवशी शाळेआधी ती संडासात बसून रडत होती आणि मी दाराबाहेर उभी होते. आतून म्हणाली, "आजी, नाचणी आधी चालत होती ना मला? मग आता का नाही चालत?"

मी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"माझं पोटच वाईट आहे," ती म्हणाली. सहा वर्षांची पोर, स्वतःच्या पोटाला शिव्या देत होती. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

संध्याकाळी सून दारात चप्पल काढत होती, तेव्हाच सांगून टाकलं. आत येऊन पाणी पिईपर्यंत थांबले असते तर पुन्हा गिळलं असतं. एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती ऐकत राहिली. मी रडले. तिनं मला गप्प केलं नाही, बरंच केलं.

"आई, चूक झाली ते मी समजू शकते," ती म्हणाली. "पण दोन महिने?"

एवढंच. आवाज तेव्हाही चढला नाही, आणि या वेळी मला तो नीट ऐकू आला. माझ्या ताकाचा डबा तिनं फेकला नाही. मीच फेकला.

पुढं दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसवून नातीला चमचा-चमचा नाचणी दिली. काही झालं नाही. सुनेनं यादी नवीन लिहिली. आणि तिनं मुलीलाही सगळं सांगितलं, माझ्यासमोर, काही न झाकता. म्हणाली, "हिला जन्मभर स्वतःला जपायचंय, हिला खरं ठाऊक पाहिजे." नातीनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, "म्हणून ती एवढी मस्त झाली होती?"

आता ती आठ वर्षांची आहे. आंबील स्वतः कालवते. आई मागं उभी असते, मी स्टुलावर. थंडीत पीठ आंबत नाही, तेव्हा ती दीड दिवस थांबते. नुसतं थांबायचं असतं, एवढंच. मला उभ्या जन्मात ते सुचलं नव्हतं. पातेल्याला हात लावायची मला आता मुभा आहे, पण आधी ती मला ओट्यापाशी थांबवते.

"आजी, हात पुढं कर."

मी करते. ती वाकून वास घेते.

"आता उलटे कर."